गुलाबरावांची शिट्टी

रेल्वेतून रिटायर झालेली दोन माणसं एकत्र बसली की चहा हमखास थंड होतो. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुटतो, सिग्नलची वाट कोणी बघत नाही.

माझे बहुतेक किस्से एकाच माणसाचे. पुलगाव–आर्वी छोट्या गाडीचे ड्रायव्हर गुलाबराव. स्वातंत्र्य तेव्हा नवंनवं होतं आणि आमचं इंजिन फार जुनं. मी फायरमन, कोळसा मारायचो. शिट्टीच्या तारेला मात्र त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. त्या वर्षी त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, शांताचं लग्न ठरलं होतं आणि गुलाबरावांना एका दिवसाची सुट्टी हवी होती. ती सुट्टी शिट्टीनंच खाल्ली!

*

रोहण्याजवळ एका शेतकऱ्याची बैलजोडी होती. आमची शिट्टी ऐकली की औत सुटायची वेळ झाली, असं ते बैल समजायचे. गाडी रोजच उशिरा, त्यामुळे शेतकऱ्याचं बरं चाललं होतं. एक दिवस आम्ही चुकून वेळेवर पोचलो. औत धरून अर्धा तास झाला नव्हता, तोच बैल खाली बसले. शेतकरी धावत स्टेशनवर आला.

"डायवर साहेब, बैल उठून नाई राह्यले. तुमची शिट्टी वापस घ्या."

गुलाबराव भिडस्त माणूस. त्यांनी खरंच गाडी थोडी मागे घेतली आणि पुन्हा एक बारीकशी शिट्टी दिली. बैल आडवेच झाले. वर तक्रार गेली.

*

रुळालगत एक शाळा होती. तिच्याकडे घंटा नव्हती, म्हणून मास्तर आमच्या शिट्टीवर शाळा सोडायचे. एकदा तपासणीला साहेब आले होते. त्यांनी फळ्यावर गणित घातलं आणि नेमके आम्ही तिथून गेलो. पोरं तर पळालीच, पण सवयीनं मास्तरही छत्री उचलून बाहेर पडले. वर्गात साहेब एकटे, गणितासकट! ही दुसरी तक्रार.

*

मग आमच्या साहेबांनी शिट्टी बंदच केली. रोहण्याचे स्टेशनमास्तर दुपारी डुलकी काढत आणि आमच्या शिट्टीनं उठत. आम्ही गुपचूप आलो, थांबलो आणि गेलो. जाग आल्यावर त्यांनी पुढच्या स्टेशनला विचारलं, गाडी आज सुटली की नाही? पुढच्या स्टेशनवर आम्ही तिथल्या मास्तरांसोबत चहा पीत होतो. आता शिट्टी का वाजवली नाही, याची तक्रार झाली.

साहेब भडकले. सुट्टी रद्द. रुळावर माणूस, जनावर किंवा लाल कापड दिसलं तरच शिट्टी, असा हुकूम मिळाला. मला फार वाईट वाटलं. पोरीच्या अक्षता बापानं पाहू नयेत, हे काय नोकरीचं सुख म्हणायचं?

*

लग्न विरूळला होतं, गुलाबरावांच्या घरी. रूळ परसातूनच जायचा. मुहूर्ताला आमची गाडी अर्थातच मागे कुठेतरी होती. भटजींची मंगलाष्टकं संपली, तरी नवरीची आई म्हणे, अजून म्हणा. शेवटी भटजींनी आमच्या लाईनीवरची स्टेशनं चालीत बसवून म्हटली. वऱ्हाड्यांच्या मुठीत अक्षता घामानं भिजल्या.

विरूळ जवळ आलं आणि गुलाबरावांनी मान खाली घातली. मी बाहेर पाहिलं. रुळाच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला शांता आणि मधे, आडवा धरलेला अंतरपाट. लालभडक!

गुलाबरावांनी ब्रेक मारला. गाडी थांबली. ते तसेच काळ्याकुट्ट तोंडानं इंजिनाच्या दारात उभे राहिले, भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि त्यांनी तार ओढली. ती शिट्टी आर्वीपर्यंत गेली असेल. डब्यातल्या लोकांकडे अक्षता नव्हत्या, त्यांनी पोत्यांतली सरकी उधळली. गार्डसाहेब हिरवी झेंडी काखेत धरून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला उभं केलं. गाडी काऊन थांबवली?

"लाल कापड होतं, साहेब."

आणि शिट्टी?

"रुळावर मानसं होती."

कोण माणसं होती, साहेबांनी दरडावून विचारलं. गुलाबरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"मुलीकडचीबी होती, साहेब, अन् मुलाकडचीबी होती."