शिंपीमास्तरांच्या पामटॉपमधली टिंबं

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत विजेवर चालणारं काहीही बंद पडलं, की ते माझ्याकडे येतं. मी बीएससी करतो, विषय संगणक. तरी मिक्सर, सेटटॉप बॉक्स आणि एकदा तर इस्त्रीसुद्धा माझ्यापुढे ठेवली गेली. मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. वस्तू ठेवून घेतो, दोन दिवस तिच्याकडे बघतो आणि मग धीर करून सांगतो, की हे आमच्या अभ्यासक्रमात नाही.

शिंपीमास्तरांनी त्यांचा पामटॉप आणला तेव्हा मात्र पहिल्यांदाच मला वाटलं, हे आपल्याला जमेल.

मास्तरांचं लेडीज टेलरचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या भावाने परदेशातून येताना आपला वापरलेला पामटॉप त्यांना देऊन टाकला. तळहातावर मावणारा राखाडी डबा, सोबत काडीसारखं पेन. मापाच्या वह्यांना वाळवी लागत होती, म्हणून मास्तरांनी सगळी मापं त्यात घातली. त्यात अक्षरं काडीने एका फटक्यात, वेगळ्याच वळणाने काढावी लागतात. सातवी शिकलेल्या मास्तरांनी ते वळण गिरवून गिरवून बसवलं. टिंब द्यायचं तर काडी दोनदा टकटक करायची. नावं मात्र त्यांनी लिहिली नाहीत. ‘चक्कीवाली’, ‘चक्कीवालीची सून’, ‘बँकवाली लंबी’ अशा नोंदी. माझी आई त्यात ‘नळाजवळची’ आहे.

या यंत्राची स्मरणशक्ती दोन बारक्या सेलांवर चालते. सेल काढून मिनिटभरात नवे घातले नाहीत, तर सगळं पुसलं जातं. म्हणून दर अमावास्येला मास्तर दुकानाचं शटर अर्धं ओढून सेल बदलत. त्यांची मुलगी, जिला मी ताई म्हणतो, मोठ्याने साठपर्यंत आकडे मोजायची. तेवढा वेळ बाहेर उभ्या बायकाही बोलत नसत. आमच्या गल्लीत बायका एक मिनिट गप्प राहण्याचा दुसरा प्रसंग मला माहीत नाही.

आता पडद्यावर उभ्या रेषा आल्या होत्या आणि मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. “तो अन् मी संगंसंगंच आंधळे होऊन राहिलो गा,” ते म्हणाले. दसऱ्याच्या हंगामापासून कापायचं काम ताई हाती घेणार होती. त्याआधी मापं बाहेर यायला हवी होती. कारण आमच्या भागातल्या बायका मास्तरांकडे जातात त्याचं एकच कारण आहे. ते टेप लावत नाहीत. बाई कापड टेबलावर ठेवते, “जुनंच माप आहे ना तुमच्याजवळ?” असं विचारते, मास्तर मान हलवतात, आणि ब्लाऊज अंगाला बरोबर बसतं. ताईने उद्या टेप काढली असती, तर अर्ध्या बायका त्याच पावली परत गेल्या असत्या.

पामटॉपच्या स्टँडला जाडा जुना प्लग होता. तो लॅपटॉपला जोडायची वायर सीताबर्डीवर तीन दुकानं फिरून मिळाली. अशा यंत्रांतल्या फायली काढून साध्या मजकुरात बदलणारी साधनं इंटरनेटवर आहेत. काही लोकांनी ती आपल्या हौसेने लिहून सगळ्यांसाठी मोकळी ठेवली आहेत, आतला कोडही वाचता येतो. मला त्यातला अर्धा समजला. वायर ओळखली जाईना, म्हणून मी त्या लोकांच्या मेलिंग लिस्टवर भीत भीत विचारलं. पत्रात तीनदा सॉरी लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी देशातल्या एका निवृत्त गृहस्थाचं उत्तर आलं. वायरची युक्ती सांगून त्याने खाली लिहिलं होतं, की आधी मूळ फायलीची एक प्रत काढ, बाजूला ठेव आणि तिला अजिबात हात लावू नकोस. आणि सॉरी कशाबद्दल?

फाईल उतरली. मजकूर उघडला. नळाजवळची, कंबर २८, आणि पुढे टिंबं. चक्कीवाली, कंबर ३०, पुढे आणखी टिंबं. कुठे चार, कुठे दहा. मला वाटलं, वायरीतून आलेला कचरा असेल, नाहीतर मास्तरांचा हात थरथरत असेल. मी एका ओळीचा कोड लिहिला आणि सगळी टिंबं उडवली. त्या एका ओळीचा मला फार अभिमान वाटला. मैत्रिणीलाही दाखवली. ती म्हणाली, छान आहे, पण ही चक्कीवाली कोण?

मी तक्ता छापून, स्पायरल बाइंडिंग करून मास्तरांना दिला. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पानांवरून हात फिरवला.

“सारं आलं ना गा, इंजिनिअर?”

“इंजिनिअर नाही, बीएससी. सगळं आलं. उलट मी साफ करून दिलं.”

“साफ केलं तं चांगलंच केलं,” ते म्हणाले.

दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस आमच्याकडे पांढऱ्या ब्लाऊजांचे असतात. दीक्षाभूमीला जायला आई, काकू, शेजारणी सगळ्या पांढरी साडी नेसतात. त्या वर्षी सगळी ब्लाऊजं ताईने शिवली, माझ्या तक्त्यावरून.

नंतर घरात काही बारीक बदल झाले. आईने रात्रीचा भात सोडला. पहाटे ती तलावाकडे फिरायला जाऊ लागली, सोबत चक्कीवाली काकू आणि बँकवाल्या मॅडम. आईने सांगितलं गुडघ्यासाठी, काकूंनी सांगितलं शुगरसाठी, मॅडमनी सांगितलं मोकळ्या हवेसाठी. आपल्या वस्तीत आरोग्याची जाणीव वाढते आहे, असं वाटून मला बरं वाटलं. कॉलेजात यावर मी दोन मिनिटांचं भाषणही केलं.

तिकडे दुकानात कोणी फिरकेना. तक्रार एकाही बाईने केली नाही. लग्नसराई तोंडावर आली तरी टेबल रिकामं. ताईने मला सांगितलं, की आपल्या हाताला बाबांची सफाई नाही हे तिला कळून चुकलंय, धरमपेठेतल्या एका कपड्याच्या दुकानात ती नोकरीचं विचारून आली आहे, आणि बाबांना अजून सांगितलेलं नाही. मास्तर दिवसभर बंद मशीनजवळ बसून असायचे. त्यांनाही तेच वाटत होतं, फक्त ते बोलत नव्हते.

मामेबहिणीच्या लग्नाला जुनंच ब्लाऊज घालीन, असं आई म्हणाली. मी विचारलं, शिवत का नाहीस? ती म्हणाली, “यंदा नोको.” त्याच दिवशी दोरीवर तिचं पांढरं ब्लाऊज उलटं वाळत होतं. दोन्ही बाजूंच्या शिवणी शेवटच्या काठापर्यंत उसवून, सैल करून, हाताने परत घातल्या होत्या. मला गोष्टी उशिरा समजतात. मी आत जाऊन मूळ फायलीची बाजूला ठेवलेली प्रत उघडली, त्या गृहस्थाने हात लावू नको म्हणून सांगितलेली. नळाजवळची, कंबर २८, नऊ टिंबं. चक्कीवाली, अकरा.

मी लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो आणि मास्तरांना विचारलं, ही टिंबं कशाची. त्यांनी आधी ताईकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

“टिंबं हायेत ना तुह्या कागदात?”

“नाहीत. मी काढली. मला वाटलं, कचरा.”

त्यांनी मशीनवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाले, “एक टिंब म्हणजे पाव इंच जास्त. बाई दुकानात आली की मी एक डाव पाहतो अन् ती गेल्यावर देतो टिंब. बोलायचं नसते ते.”

ताईने पडद्यावरची माझ्या आईची नोंद पाहून मनात हिशेब केला असावा. कारण ती एकदम खाली बसली. “नऊ पाव इंच,” ती म्हणाली. “अन् मी म्हणून राहिली की माह्या हातातच खोट आहे. बाबा, मलेही नाही सांगतलं तुम्ही?”

“कसं सांगू वं? तुह्याही नावापुढं हायेत ना.”

ताईने माझ्या हातातून लॅपटॉप ओढला आणि स्वतःची नोंद शोधली. किती टिंबं निघाली ते मी सांगणार नाही. दुकानातला रोजचा चहा मला त्यानंतर सहा दिवसांनी मिळाला.

नवा तक्ता मी टिंबांसकट छापला आणि ताईच्या फोनमध्येही घालून दिला. पण नुसत्या तक्त्याने भागणार नव्हतं. ज्यांची ब्लाऊजं घट्ट झाली त्यांना परत बोलवायचं कसं? चूक सांगितली तर टिंबं सांगावी लागणार. शेवटी मास्तरांनीच निरोप फिरवला, की दसऱ्याला दुकानातल्या पांढऱ्या अस्तराचा एक तागा खराब आला होता, पाणी लागलं की आकसतो, ज्यांना त्रास झाला त्यांना ताई दुसरं शिवून देईल. ब्लाऊज धुवायच्या आधीच घट्ट होतं, हे त्या प्रत्येकीला माहीत होतं. तरी प्रत्येकीने ते कारण आनंदाने घेतलं. काकू तर म्हणाल्या, मले वाटलंच होतं.

त्या परदेशी गृहस्थाला मी सगळं कळवलं. ब्लाऊज म्हणजे काय, ते माझ्या इंग्रजीत समजवायला दीड पान गेलं. त्याने त्या साधनाच्या सूचनांमध्ये एक ओळ वाढवली, की न समजणारी चिन्हं पुसण्याआधी यंत्राच्या मालकाला विचारा. तिथे माझं नाव नाही, आणि मलाही ते नको आहे.

लग्नाच्या आठवडाभर आधी आई दुकानात गेली. मी सोबत होतो. तिने कापड टेबलावर ठेवलं आणि विचारलं, जुनंच माप आहे ना? ताईने तिच्याकडे एक क्षण पाहिलं, अगदी मास्तरांसारखं, आणि मान हलवली. मास्तर कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते. आई पायऱ्या उतरली तेव्हा ताईने फोनमधला तक्ता उघडला. मी मागे राहून बघत होतो. तिने आईच्या नोंदीतलं नववं टिंब पुसलं. तलावाच्या फेऱ्यांचा एवढा परिणाम झाला होता.

ब्लाऊज आलं त्या दिवशी आईने ते घालून हात वर केले, मागे वळली, आरशात पाहिलं.

“पाह्य बाबू,” ती म्हणाली, “वीस वर्षांत माप हललं नाही माह्यं.”

मी हो म्हणालो. मग तिने रात्री सगळ्यांबरोबर भात घेतला, आणि परत घेतला. मी ताईला काही कळवलं नाही. ती बघेलच.