हाळी आणि गुणांचा तक्ता

आमच्या शाळेनं ठरवलं, नववीच्या मुलांनी निबंध नुसता लिहायचा नाही. चित्र, लेखन आणि आवाज मिळून 'माझी माणसं' असा प्रकल्प करायचा. मी मराठीचा मास्तर, त्यामुळे गुणांचा तक्ता मीच आखला. मला तक्ते आखायला फार आवडतात. 'स्वतःचा आवाज : पाच गुण', 'श्रोत्यांचा प्रतिसाद : पाच गुण', असले रकाने.

बहुतेकांनी गुलमंडीच्या बाजारातून रंगीत कागद आणले आणि इंटरनेटवरची बासरी लावली. एका मुलीनं मात्र गंगापूरकडचा नकाशा हातानं काढून आणला. तिचे आईवडील तिकडं मेंढरं घेऊन शेतोशेत फिरतात. ती जूनपासून इथं वसतिगृहात. जिथं जिथं तळ पडला तिथं नकाशावर आकडा, खाली दोन ओळी, आणि प्रत्येक आकड्याला मोबाईलवर वडिलांनी मेंढरांना घातलेली हाळी. वर्ग गप्प बसून ऐकत होता. माझ्या तासाला हे सहसा होत नाही.

"छान आहे. पण आवाज तुझा नाही," मी तक्त्यावर बोट ठेवलं.

"सर, माझी हाळी आता मेंढरं वळखत नसतील. सहा महिने झाले. खोटं कशाला लावू?"

हे ती खाली बघून म्हणाली. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं माझ्या मोबाईलवर हाळी दिली. काय झालं म्हणून शिपाई धावत आला. ती हाळी मी तिच्या वडिलांना पाठवली आणि खाली लिहिलं, 'कृपया अभिप्राय कळवावा.'

अभिप्राय शनिवारी, नेमका तासाला आला. वर्गातच लावला. आधी नुसता वारा. मग आईनं दुसऱ्या मोबाईलवर वाजवलेली मुलीची हाळी. मग एक घंटा, मग पुष्कळ घंटा, आणि बें बें इतकं, की आमचा स्पीकर खरखरायला लागला. त्यातून वडील ओरडत होते, "बंद कर, बंद कर, मोबाईल तुडवतील! सर, समदी पळत आली. आता ती कुठंय म्हून हुडकायलेत."

मुलगी बाकावर डोकं ठेवून रडली. मी 'श्रोत्यांचा प्रतिसाद' या रकान्यात पाच लिहिले. त्याहून जास्त द्यायची सोय मी ठेवली नव्हती.