एकविसावा टॉवेल

आमच्या ताईला कुणाच्या घरी न्यायची सोय नाही. माणसं चहा पीत बसतात आणि ही दारांची रुंदी बघते, जिन्याचा कठडा हलवून पाहते, गरम पाण्याच्या नळाखाली मनगट धरते. घरी परतताना म्हणते, "मागच्या दाराला कुलूप होतं. आग लागली तर ही माणसं बाहेर कुठून पडणार?" तिच्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. मी म्हणते, पायाला असती तर परवडली असती, डोक्यालाच आहे.

एकटं राहू न शकणाऱ्या मुलांना आणि मोठ्यांना सांभाळणाऱ्या निवासी संस्थांना सरकारी परवाना लागतो. तो द्यावा की नाही, हे ताई एकतीस वर्षं संस्थेत जाऊन, बघून, लिहून देत आली. तिची एक खोड सगळ्या संस्थांना ठाऊक होती. ती माणसं मोजत नाही, टॉवेल मोजते. तिचं म्हणणं, "जास्तीचा माणूस दिवसभर बाहेर बसवून ठेवता येतो गं. त्याचा ओला टॉवेल कुणाच्या लक्षात राहतो?"

दादा आमच्या दोघींच्या मधला. वय बावन्न, समज सात वर्षांच्या मुलाची. आईनंतर त्याचं सगळं मी करत होते. मग माझ्या मणक्याने असहकार पुकारला. त्याला न्हाणीघरात उठवताना मीच खाली बसले, ती शेजारणीने उचलेपर्यंत. ताई सकाळी आठला जी बाहेर पडायची ती अंधार पडता पडता यायची. तेव्हा दादासाठी जागा शोधायची जबाबदारी माझ्यावर आली.

चार ठिकाणी नकार मिळाला. पाचव्या संस्थेचा व्यवस्थापक कागदातून मान वर न करता म्हणाला, "परवाना वीस जणांचा आहे, वीस भरलेत." मी उठता उठता सहज म्हटलं, माझी बहीण परवाना कार्यालयात असते. सहज कसलं, मुद्दामच म्हटलं. त्याने मान वर केली. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? होईल जागा."

आठव्या दिवशी जागा झाली. ताईला मी सांगितलं की नशिबाने एक पलंग रिकामा झाला. तिने लगेच ती संस्था आपल्या यादीतून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायला लावली. आपला दबाव नको म्हणून सहा महिने तिकडे फिरकलीही नाही. ते माझ्या पथ्यावरच पडलं.

दादाच्या वाढदिवसाला मात्र ती ऐकेना. बसमध्ये दोनदा उठून उभी राहिली, दोनदा बसली. मी म्हटलं, "आज तू बहीण म्हणून चालली आहेस. डोळे मिटून घे." "प्रयत्न करते," म्हणाली. दारातच काचेच्या चौकटीत परवाना होता, त्यावर संख्या वीस. दादाने तिचा हात धरून खिडकीजवळचा आपला पलंग दाखवला, उशी दाखवली, मग न्हाणीघर दाखवलं. तिथून ती बाहेर आली.

"एकवीस," ती म्हणाली.

"जुना असेल कुणाचा तरी."

"ओला आहे."

"तो काकांचा," दादा खुशीत म्हणाला. त्याने वाकून पलंगाखालची गुंडाळलेली सतरंजी ओढून काढली. "आधी काका वर. आता मी वर, काका खाली. साहेब आले की काका बसस्टॉपवर. डबा घेऊन."

व्यवस्थापकाला बोलावलं. तो गडबडला. "मॅडम, तुमच्यासाठीच तर केलं," म्हणाला आणि माझ्याकडे बघू लागला. पुढे कुणाला काही सांगावं लागलं नाही. काका एकेकाळी घड्याळं दुरुस्त करायचे. अकरा वर्षं तिथे होते, मागेपुढे कुणी नव्हतं. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे 'स्वखुशीने गेले' असं लिहिलं होतं. खाली त्यांचीच सही होती.

व्हरांड्यात मी ताईवर तुटून पडले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तशी. "तुला तुझे नियम प्यारे. दादाला आंघोळ कोण घालणार?"

"मी. सकाळी सहाला."

"आणि दिवसभर?"

"बाई ठेवू. आज त्याला घरी नेऊ, उद्या मी सगळं लिहून देणार. त्यांचं आणि आपलंही."

"तुझी काय चूक? तुझं नाव मी वापरलं."

"तेही लिहीन," ती म्हणाली. आयुष्यात एवढा राग मला कुणाचा आला नाही. खरं तर तो माझाच मला आला होता, पण ते कळायला वेळ लागला.

मी दादाची पिशवी भरत होते तेव्हा काका आले. त्यांनी खुंटीवरचा त्याचा टॉवेल आणला, नीट घडी घालून माझ्या हातात दिला. "नका नेऊ त्याला," म्हणाले. "मला खाली बरी झोप लागते." मला त्यांच्याकडे वर बघवेना.

दादा घरी आला. संस्थेला नोटीस गेली, काकांचं नाव रजिस्टरात परत चढलं. ताईने स्वतःविरुद्ध लिहिलेला कागद वरच्यांनी वाचला आणि तिला तपासणीवरून काढून टेबलाच्या कामाला बसवलं. उभ्या जन्मात जी कधी एका जागी टेकली नाही, तिला दिवसभर खुर्ची. संध्याकाळी घरी येते आणि आमच्याच जिन्याचा कठडा हलवून बघते. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

महिन्याने दादाचे राहिलेले कपडे आणायला मी एकटी गेले. काका खिडकीजवळच्या पलंगावर बसले होते, अगदी कडेला, पायात चपला तशाच. डब्याची पिशवी मांडीवर. मला बघून ते घाईघाईने उठायला लागले.

"बसा ना," मी म्हटलं.

ते बसले, पण पुन्हा कडेलाच. "आज कुणाला आणलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही काका," मी म्हटलं. "मी एकटीच आले."