वर घेतलेला कॉम्प्युटर

माझ्या वडिलांशी भांडल्याशिवाय माझा एकही आठवडा गेलेला नाही, आणि त्यात माझी चूक फार तर निम्मी असेल. महाड डेपोच्या वर्कशॉपमध्ये तेहेतीस वर्षं एसटीची इंजिनं दुरुस्त केलेला हा माणूस. नाव महादू, आळीत आणि डेपोत सगळ्यांचे नाना. रिटायर झाल्यावर ओरडायला ड्रायव्हर उरले नाहीत, तेव्हा मी उरले. आई असती तर दोघींनी वाटून घेतलं असतं. ती मी बारावीत असतानाच गेली.

नानांचा एक किस्सा आळीतल्या लहान पोरांनाही पाठ आहे, कारण नाना तो लग्नात, मयतात, रेशनच्या रांगेत, कुठेही सांगतात. काशीराम नावाचा ड्रायव्हर महाबळेश्वरला मुक्कामाची गाडी घेऊन जायचा. थंडीत सकाळी इंजिन लवकर तापावं म्हणून त्याने रेडिएटरच्या तोंडावर गोणपाट बांधलं आणि ते सोडायला विसरला. उतारावर काही जाणवलं नाही. दुपारच्या फेरीला आंबेनळीचा चढ लागला आणि निम्म्या घाटात गाडी उकळून उभी राहिली. नाना दुरुस्तीची गाडी घेऊन पोलादपूरवरून वर गेले, बॉनेट उघडलं, गोणपाट ओढून काढलं आणि सगळ्या पॅसेंजरांसमोर काशीरामच्या अंगावर फेकलं. "तोंड बांधून चढ चढवतोस? तुज्या तोंडाला बांधू काय गोणपाट, आन् पळवू तुला घाटातनं?" काशीराम पुढे दोन वर्षं नानांशी बोलला नाही. नानांना त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

हा किस्सा लक्षात ठेवा. मी ठेवला असता तर माझा अर्धा पावसाळा फुकट गेला नसता.

आमच्या आळीत पावसाळ्याचा एक शब्द आहे, वर घेणे. जून लागला की भाजी घेताना, दवाखान्यात, विहारातून बाहेर पडताना लोक एकमेकांना विचारतात, "घेतलं का वर?" काय घ्यायचं ते सांगावं लागत नाही. तांदूळ, गाद्या, कागदपत्रं, जे पाण्यात जाता कामा नये ते सगळं फळीवर नाहीतर माळ्यावर.

दोन हजार एकवीसच्या जुलैमध्ये सावित्री नदीचं पाणी आळीत शिरायला लागलं, तेव्हा मी नानांना म्हटलं होतं, आधी माझा कॉम्प्युटर वर घेऊ. नाना म्हणाले, "एवढं येत नाय गो. आपल्या वट्याच्या वर कदी आलंय?" आणि त्यांनी आधी टीव्ही उचलला. टीव्ही आईने हौसेने घेतलेला होता, हे मला समजतं. पण आई तो बघायला नव्हती आणि मी समोर उभी होते. टीव्ही माळ्यावर ठेवून नाना खाली येईपर्यंत घरात कमरेएवढं पाणी होतं. माझा कॉम्प्युटर गेला. पाचवी ते आठवीचं सगळं गणित मी मराठीतून दोन वर्षं बसून त्यात धड्याधड्याने तयार केलं होतं. पुण्याच्या एका ऑनलाइन क्लासला ते दाखवायचं होतं. मग दाखवायला काही राहिलंच नाही, आणि डी.एड. झालेली मी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं टिपत बसले.

त्या दिवशी मी नानांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. नानांनी उत्तर दिलं नाही. एरवी एका शब्दाला दहा शब्द सुनावणारा माणूस तेव्हाच गप्प बसला, याचा मला चार वर्षं राग होता.

या जानेवारीत नानांनी ओळखीतून एक जुना पण चांगला कॉम्प्युटर आणला. मला न विचारता आणला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बग चालतो काय." चालला. जानेवारी ते मे, एकदाही कुरकुर नाही. मी पुन्हा पुण्याच्या क्लासला कळवलं. तिथल्या ललिता मॅडमनी सांगितलं की जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मुलांना तीन तास शिकवून दाखवा. तिन्ही नीट झाले तर बॅच तुमची, नोकरी पक्की. त्यांचा फळ्याचा प्रोग्राम मोबाइलवर चालत नाही, कॉम्प्युटरच हवा. मला वाटलं, आता काय अडचण!

जून लागला आणि नानांनी कॉम्प्युटर वर घेतला. भिंतीत लोखंडी अँगल ठोकून आढ्याच्या खाली फळी बसवली. स्क्रीन आणि कीबोर्ड टेबलावर राहिले, कारण ते दोन हातांत उचलता येतात. सीपीयूचा डबा फळीवर गेला. त्याला जाड प्लास्टिकच्या कागदाचे दोन वेढे, वरून सुतळी, आणि ट्रकवाले ताडपत्रीला मारतात तशी गाठ. वायरी लांबवून मागच्या बाजूने खाली सोडल्या. चालू करायचा तर काठीच्या टोकाने प्लास्टिकवरूनच बटण दाबायचं. यात आम्हाला कुणालाही काही वावगं वाटलं नाही. आमच्या आळीत जूनमध्ये फ्रिजसुद्धा स्टुलावर चढतात.

आणि कॉम्प्युटर बंद पडायला लागला. वीस मिनिटं, कधी पंचवीस, की फट्‌. काळा पडदा. काठीने पुन्हा चालू केला की स्क्रीनवर इंग्रजीत येई, तुमचा कॉम्प्युटर अनपेक्षितपणे बंद झाला होता. अनपेक्षित कसला! घड्याळ लावून बंद पडत होता मेला!

बाजारात राजेश नावाच्या माणसाचं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे आम्ही डबा तीनदा नेला. रिक्षातून जाताना तो प्लास्टिकमध्येच असायचा. दुकानाच्या पायरीवर नाना गाठ सोडत, कागदाची नीट घडी करून काखेत धरत आणि उघडा डबा काउंटरवर ठेवत. "लोकांच्या दुकानात पानी कशाला गळवायचं," असं त्यांचं म्हणणं. राजेशने दिवसभर चालवून पाहिला, एकदाही बंद पडला नाही. "तुमच्याकडची लाइट कमी-जास्त होत असेल, ताई." दुसऱ्यांदा त्याने आतला वीजपुरवठ्याचा पार्ट बदलला. घरी आणला, नानांनी गाठ मारली, बाविसाव्या मिनिटाला फट्‌. तिसऱ्यांदा त्याने मला न विचारता सगळं पुसून नव्याने भरलं. जानेवारीपासून केलेले माझे धडे गेले. मी विचारलं तर म्हणतो, "बॅकअप ठेवायचा असतो ना, ताई." त्याच्या त्या 'ताई'ला मला त्याच्याच काउंटरवर आपटावंसं वाटलं.

नाना घरी येऊन म्हणाले, "डिफेक्ट गावल्याशिवाय पार्ट बदलतो तो मेकॅनिक नाय, तो नुसता दुकानदार."

पण एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. अगदी पहिल्या खेपेला नानांनी राजेशला विचारलं होतं, "गरम तर होत नाय ना ह्यो?" राजेश हसला. "नाना, ही एसटी नाही. यात पाणी घालायचं नसतं." दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मीही हसले. नानांचे कान लाल झाले, आणि त्यानंतर त्या दुकानात त्यांनी तोंड उघडलं नाही.

शिकवण्याचे पहिले दोन तास अर्ध्यावर तुटले. ललिता मॅडम भल्या बाई, पण दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज बदलला होता. "शर्मिला, शेवटची संधी. मुलं ताटकळत बसतात हो."

शेवटचा तास शनिवारी सकाळी अकराला होता. अपूर्णांक. बाहेर धो धो पाऊस आणि स्क्रीनवर नऊ मुलं. मी भाकरीचे चार भाग करून दाखवत होते, आणि अकरा वाजून एकवीस मिनिटांनी फट्‌.

मोबाइल वाजला. ललिता मॅडम. "मी मुलांना उदाहरणं सोडवायला देते. पावणेबारापर्यंत आलात तर ठीक, नाहीतर बॅच दुसऱ्यांना द्यावी लागेल."

मग माझा बांध फुटला. नाना दारात उभे होते, त्यांच्यावर मी जे मनात होतं ते सगळं ओतलं. "तुम्ही आणलात हे भंगार! मला विचारलंत? तेव्हा एक बुडवलात, आता हा असा मारताय! माझं काही नीट होऊच द्यायचं नाही का तुम्हाला?"

"मी काय केलं गो? बांदून ठेवलाय नीट, पान्याचा थेंब नाय लागला त्याला!"

"मग घ्या, घाला चुलीत!" म्हणत मी स्टुलावर चढले. खरं सांगते, तो डबा ओढून अंगणात फेकायचा असंच माझ्या मनात होतं. मी प्लास्टिकला हात लावला आणि हात मागे घेतला. चटका बसला होता. कागद तापून मऊ झाला होता आणि मागच्या जाळीला घट्ट चिकटला होता. आतला पंखा ज्या जाळीतून गरम हवा बाहेर टाकतो तिच्यावर जाड कागदाचे दोन वेढे. वर सुतळी. वर ट्रकवाल्याची गाठ.

मी तशीच स्टुलावर उभी राहिले. तोंडातून एकच शब्द आला.

"नाना. गोणपाट."

नानांनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग डब्याकडे. तेहेतीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा असा उतरला की मला पहिल्यांदा काशीरामची दया आली.

"आयला," एवढंच म्हणाले. मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, दोनदा, जोरात. "मी विचारलेलं त्याला. गरम होतो काय, म्हनून मी विचारलेलं!"

"विचारलं होतंत," मी म्हटलं. माझा राग गेला नव्हता, फक्त तो कुणावर काढायचा ते आता नीट कळलं होतं. राजेशवर, जो कळत नसताना हसला. आणि माझ्यावर, कारण ज्याला कळत होतं त्यालाच मी हसले होते.

"उतर खाली," नाना म्हणाले. "टायम किती हाय?"

सोळा मिनिटं होती. नानांनी गाठ सोडायचा प्रयत्नही केला नाही, विळ्याने सुतळी कापली आणि डबा खाली टेबलावर आणला. गरम भांडं फडक्याने धरतात तसा. स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडला आणि तळहात आत न लावता वरून फिरवत म्हणाले, "लगेच स्टार्टर मारू नको. निवू दे जरा." दहा मिनिटं ते पुठ्ठ्याने वारा घालत राहिले आणि मी उभ्या उभ्या घड्याळ बघत राहिले. इतकी लांब दहा मिनिटं मी आयुष्यात पाहिली नाहीत.

पावणेबाराला दोन मिनिटं असताना बटण दाबलं. काठी लागली नाही.

भाकरीचे चार भाग पुन्हा झाले, मग आठ झाले. नाना माझ्या मागे स्टुलावर बसून पुठ्ठा हलवत होते. एका मुलीने विचारलं, "टीचर, मागे कोण आजोबा आहेत?"

"माझे वडील," मी म्हटलं. "मेकॅनिक आहेत."

साडेबाराला तास संपला. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. ललिता मॅडमनी मोबाइलवर मोजकंच सांगितलं, "सोमवारपासून बॅच घ्या." नाना पुठ्ठा ठेवून पडवीत जाऊन बसले. मला वाटलं होतं, निदान राजेशला चार शिव्या घालतील.

तो प्लास्टिकचा कागद जमिनीवर पडला होता. चुलीपाशी टाकून द्यावा म्हणून मी उचलला, तर भिंतीकडे असलेल्या बाजूला काळ्या मार्करने काही लिहिलेलं होतं. डेपोत गाड्यांचे बिघाड डिफेक्ट बुकात लिहायचे तसं नानांचं अक्षर, ठळक आणि सुटं, खाली तारीख आणि सही.

'शर्मिलाचा कॉम्पुटर. पानी आल्यास पयला हा उचलावा. टी.व्ही. मागून.'

मला असा राग आला की काय सांगू. चार वर्षं! चार वर्षं तोंडातून एक शब्द काढला नाही या माणसाने, आणि लिहिलं ते कुठे, तर प्लास्टिकवर, तेही भिंतीकडची बाजू बघून. मी कागद घेऊन तशीच पडवीत गेले आणि त्यांच्यासमोर धरला. "हे मला तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

नानांनी कागदाकडे पाहिलं आणि मान पावसाकडे वळवली. "लिवलंय ना," म्हणाले.

तेवढ्यात डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन शेजारच्या तुळजाबाई फाटकावरून चालल्या होत्या. पाऊस वाढला होता. त्यांनी तिथूनच हाक मारली, "महादूभावजी, घेतलं का सगलं वर?"

नानांनी आत टेबलाकडे पाहिलं. डबा तिथेच होता, पत्रा उघडा, पंखा फिरत होता.

"कॉम्पुटर खालीच हाय गो, वयनी," नाना ओरडले, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. "पानी आलं तर पयला त्योच उचलनार. टीव्ही गेला तर जाऊ दे."