तीन खुर्च्या आणि निलंग्याचे तात्या

आपल्या दिवाणखान्यात सध्या तीन अतिशय देखण्या खुर्च्या आहेत आणि त्यांच्यावर कोणीही बसत नाही.

ईशान, तन्वी, तुम्ही टोरांटोहून दर रविवारी विचारता, की आजी खुर्च्यांचे फोटो का पाठवत नाही. पाठवायला हरकत नाही. पण ते बघून तुम्ही ‘वॉव’ म्हणाल, आणि तो शब्द ऐकण्याची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. वाचा, हसा आणि यापुढे मला घर सजवण्याबद्दल काहीही सुचवू नका.

सुरुवात तुम्हीच केलीत. तुमच्या केतकीताईची सोयरीक जुळत आली होती. तिनं आणि विक्रांतनं पुण्याच्या ऑफिसात एकमेकांना पसंत केलेलंच होतं. आता त्याच्या घरचे निलंग्याहून लातूरला आपल्याकडे बैठकीला येणार होते. आपला जुना सोफा तर इतका खचला होता, की त्यावर बसलेला माणूस बोलता बोलता हळूहळू दिसेनासा होई. नवा घ्यावा म्हणते, असं मी व्हिडिओ कॉलवर नुसतं पुटपुटले, आणि तुम्ही दोघं एकदम ओरडलात, “आजी, सोफा-सेट नको! व्हिंटेज घे! स्कल्प्चरल खुर्च्या! आणि प्रत्येक वेगळी हवी हं!”

मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. ‘स्कल्प्चरल’ म्हणजे शिल्पासारखी, एवढं कळलं; पण खुर्ची तशी असते म्हणजे नेमकी कशी असते, हे नातवंडांना विचारणं मला कमीपणाचं वाटलं. (शिकलेल्या माणसाची निम्मी संकटं इथूनच सुरू होतात.)

नांदेडला जुन्या फर्निचरचं एक दुकान आहे. हैदराबादेकडच्या जुन्या नवाबी घरांतलं सामान तिथे येतं. मी आणि तुमचे आबा तिथे गेलो. दुकानदार रशीदभाई मोठे गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी एका खुर्चीवरची चादर ओढली आणि मी बघतच राहिले. लाकडात कोरलेला माणसाचा भलामोठा हात! तळव्यावर बसायचं आणि पाच बोटांना पाठ टेकायची.

“अम्मा, ही कुर्सी न्हाई, नमुना हाय नमुना!” रशीदभाई म्हणाले.

“पण बसायला कशी आहे?” आबांनी विचारलं.

“बसायला?” रशीदभाईंचा चेहरा पडला. “बसायला प्लास्टिकची घ्या की साहेब. ही बघायची हाय.”

मला ते फार पटलं! (आज आठवलं तरी कपाळावर हात जातो.) दुसरी निवडली ती शिंपल्याच्या आकाराची; गोल, खोलगट, जमिनीपासून वीतभर उंच. तिसरीला मोराच्या पिसाऱ्यासारखी भलीथोरली पाठ होती आणि बैठक चांगली उंचावर. ती घेण्याचं खरं कारण असं, की आबा तिच्यावर टेकले आणि घोरायला लागले. आबांचा डावा गुडघा वाकत नाही, त्यामुळे उंच बैठक त्यांना मानवते.

जागे झाल्यावर ते म्हणाले, “मॅडम, बाकीच्या दोन्हींवर तुम्ही बसून तरी बघा.”

“दुकानात अशी बसाबस बरी दिसत नाही,” मी म्हणाले.

मला शिस्त प्यारी. पर्समधून टेप काढून मी प्रत्येक खुर्चीची उंची, रुंदी, खोली मोजली. घराचं दार, कोपरे, खिडकी हे आधीच मोजून आणलं होतं. सगळं बरोबर बसत होतं. बसणारा माणूस तेवढा मोजायचा राहिला.

टेम्पो निघाला तेव्हा तो हात सगळ्यांत वर बांधला होता, लोकांना आशीर्वाद देत असल्यासारखा. अहमदपूरला चहाला थांबलो, तर टपरीवरच्या एकानं ड्रायव्हरला विचारलं, “निवडणुका लागल्या की काय?” दुसऱ्या एका म्हातारीनं हात जोडून नमस्कार केला. आबा म्हणाले, “चला, खुर्चीचा काहीतरी उपयोग झाला.”

केतकी पुण्याहून आली, तिनं दिवाणखाना बघितला आणि तिथल्या तिथे उंबऱ्यावर बसली.

“आजी, विक्रांतच्या आजोबांबद्दल, तात्यांबद्दल, सांगितलं होतं ना मी तुला? फार मानी आहेत ते. चाकूरला एका बैठकीत त्यांच्याआधी त्यांच्या ड्रायव्हरला पाणी दिलं, तर ठरलेलं लग्न मोडून आले. घरात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही. ते ‘हो’ म्हणाले तरच आमचं लग्न.”

“म्हणून तर त्यांना मोराची खुर्ची! राजासारखे बसतील.”

“गच्चीवरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणू?”

“दिवाणखान्याची शोभा घालवू नकोस!” मी म्हणाले आणि गच्चीच्या दाराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

कोणी कुठे बसायचं हे मी ठरवून टाकलं होतं. तात्या मोरावर, विक्रांत हातावर, आबा शिंपल्यात, बायका भिंतीकडेच्या दिवाणावर. आबा म्हणाले, “मॅडम, मी त्या परातीत एकदा बसलो तर लग्नालाही तिथूनच यावं लागेल.” मी दुर्लक्ष केलं.

ठरल्या दिवशी पाहुण्यांना उशीर झाला. तुमचे काका, म्हणजे केतकीचे बाबा, त्यांना रस्ता दाखवायला चौकात जाऊन उभे, तुमची काकू स्वयंपाकघरात, मी देवघरात. आबा उभं राहून राहून दमले आणि क्षणभर टेकावं म्हणून मोरावर बसले. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. मी बाहेर आले तेव्हा पाहुणे दारात आणि आबा पिसाऱ्याला डोकं टेकून, तोंड उघडं ठेवून, महाराजांसारखे झोपलेले!

मी खाकरले. आबांनी डोळे उघडले, उठायला गेले, गुडघा अडला आणि ते बसल्या बसल्याच म्हणाले, “या, या, बसा.”

झालं! तात्या म्हणजे बुटके, गोल, पांढऱ्याशुभ्र धोतरातले गृहस्थ. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. दिवाणावर विक्रांतची आई आणि त्याची काकू बसल्या होत्या. हाताच्या खुर्चीकडे त्यांनी संशयानं बघितलं आणि शिंपला त्यातल्या त्यात माणसाळलेला दिसला म्हणून त्यात बसले. बसले म्हणजे गेले! पाय वर, गुडघे हनुवटीला, आणि बरोब्बर समोर, डोळ्यांच्या रेषेत, आबांची पावलं.



“पाहुनं,” तात्या खालून म्हणाले, “आमाला पायाजवळ बसवलाव का?”

“छे छे!” मी ओरडले. “अहो, उठा! तात्या, तुम्ही तिथे बसा, वर!”

आबांना काकांनी उठवलं. तात्यांना मात्र उठता येईना. विक्रांतनं एक हात धरला, केतकी स्वयंपाकघरातून धावत आली, तिनं दुसरा धरला. ओढलं तर तात्यांबरोबर खुर्चीही आली! मी शिंपला धरून ठेवला, विक्रांतनं जोर लावला, आणि तात्या बुचासारखे मोकळे झाले.

मग आम्ही त्यांना सन्मानानं मोरावर बसवलं. आबांचे पाय जिथे व्यवस्थित टेकत होते, तिथे तात्यांचे पाय अधांतरी लोंबकळू लागले. पाळण्यात बसवलेल्या मुलासारखे! विक्रांतच्या आईनं पदर तोंडात धरला. खांदे मात्र हलत होते. तात्यांनी ते बघितलं आणि स्वतःच खाली उडी मारली.

“त्या हातावर बसून बघता का?” मी म्हणाले. (हे मी का म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही.)

तात्या हातावर बसले. बसायला बरं होतं हो, अगदी खरं! पण विक्रांतच्या काकूला राहवलं नाही.

“मामंजी, कुनीतरी मागून थापड मारायला हात उगारल्यावानी दिसायलंय!”

तात्या उठले. टोपी नीट केली. आता ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, “चला. उठा समदे.”

विक्रांत म्हणाला, “तात्या, ऐका ना...”

“उठ म्हनलं ना!”

केतकी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.  तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. बाळांनो, वर्गात कॉपी करणाऱ्या मुलांकडे मी असंच बघत असे; ते बघणं अंगावर कसं येतं, ते त्या दिवशी मला समजलं.

तात्या चपला घालायला वळले, तेवढ्यात मागे धप्पकन आवाज आला. आबा शिंपल्यात बसले होते! आपण होऊन!

“तात्या,” आबा धापा टाकत म्हणाले, “तुम्हाला खाली बसवलं, चूक झाली. आता मी खाली बसलोय. तुम्ही कुठेही बसा, माझ्या वरच असाल. पोरांचं मोडू नका. आई गं!”

शेवटचं वाक्य गुडघ्याला उद्देशून होतं. पापड मोडल्यासारखा आवाज मी स्वतः ऐकला.

तात्या एका पायात चप्पल घालून थबकले. “गुडगा का?”

“डावा.”

“माजा बी डावाच हाय. सरळ ठिवा, सरळ! असा न्हाई!” आणि तात्या परत आले, चप्पल भिरकावली, आबांच्या शेजारी फरशीवर बसले आणि त्यांचा पाय हातात घेऊन चोळायला लागले. “तेल कोनतं लावता?”

“तिळाचं.”

“लई चुकायलाव! करडीचं लावा. त्यात लसूण कढवायचा.”

तात्या फरशीवर म्हटल्यावर दिवाणावरच्या बायका वर कशा बसणार? त्या खाली आल्या. विक्रांत, काका, केतकी, काकू, सगळे खाली. माझ्या तिन्ही देखण्या खुर्च्यांपैकी फक्त एकीत माणूस होता, आणि तोही अडकलेला. अशी बैठक सुरू झाली.

तात्यांनी एकेक विचारावं आणि आबांनी शिंपल्यातून मान डोलवावी.

“लगीन निलंग्यात करू या.”

“हाव.”

“हळद आमच्या शेतावर.”

“हाव. तात्या, मला जरा उठवता का?”

“आदी बोलणी होऊ द्या. वरातीला आमचाच बँड.”

“हाव हाव, पण उठवा!”

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, तर केतकीनं माझा पदर ओढला.  त्या खोलीत मतं मांडण्याचा माझा अधिकार संपला होता, एवढं इंग्रजी न शिकताही कळत होतं.

शेवटी तात्या घसा खाकरून म्हणाले, “आता देन्याघेन्याचं.” काका सावरून बसले. “आमाला काई नगं. हुंडा न्हाई, मानपान न्हाई, भांडी न्हाई, कपाट न्हाई. पोरगी द्या, बास. पन एक अट हाय.” त्यांनी मोराकडे, हाताकडे आणि आबांच्या खालच्या शिंपल्याकडे बोट फिरवलं. “ह्यातलं एक बी पोरीसंगं पाठवायचं न्हाई.”

सगळे हसले. आबा तर इतके हसले, की हसता हसता आपोआप सुटले! मीही हसले, मोराच्या पाठीला मी सकाळीच ‘केतकी आणि विक्रांत यांना, आजीकडून’ अशी चिठ्ठी बांधून ठेवली होती, ती सोडवून मुठीत चुरगळत हसले.

पाहुणे गेल्यावर मात्र मला भरून आलं. एवढे मानी म्हातारबुवा आणि एक चमचासुद्धा मागितला नाही! “किती मोठं मन!” असं मी चार जणांना फोन करकरून सांगितलं. लग्नानंतर केतकीनं न राहवून सासूबाईंना विचारलं, की तात्यांनी खरंच काही कसं मागितलं नाही?

“अगं, भांडी मागितली असती,” सासूबाई म्हणाल्या, “तर ती बी तुझ्या आजीनंच निवडली असती!”