दोन गुडघे, दोन तेलं

त्र्यंबक रस्त्यावर त्या उन्हाळ्यात डागडुजी चालू होती आणि खडी रस्ताभर सांडलेली होती. मी मोपेडवरून चालले होते. पुढे नेमकं काय झालं ते आजही सांगता येत नाही. मोपेड एकीकडे आणि मी दुसरीकडे, एवढंच आठवतं. धावत आलेल्या लोकांनी आधी मोपेड उचलली, तिला फारसं काही झालं नाही म्हणून समाधान व्यक्त केलं, आणि मग कुणाचं तरी माझ्याकडे लक्ष गेलं. माझे दोन्ही गुडघे सोलवटून निघाले होते, तेही अगदी सारखे.

मोपेड मी हट्टाने घेतली होती. मी शिकवायचे ती शाळा नाशिकच्या बाहेर, एस.टी.च्या थांब्यापासून बरीच आत. एस.टी. तिच्या मर्जीने यायची आणि हेडमास्तर घड्याळाकडे बघत फाटकात उभे असायचे. गाडी गेली असती तर नोकरीही गेल्यातच जमा होती. खरं सांगायचं तर मला वर्गापेक्षाही तो सकाळचा रस्ता प्रिय होता, कारण त्यावर मला कुणी काही विचारत नसे.

मी लंगडत घरात शिरले तेव्हा नवऱ्याने गुडघे पाहिले, बाहेर जाऊन गाडी पाहिली आणि जाहीर केलं, की जखमा भरल्या की गाडी विकायची. त्याच्या ऑफिसातला एकजण घ्यायला तयारच होता. सासूबाई मालेगावकडच्या, त्यांचं बोलणंही तिकडचं. त्यांनी लगेच दुजोरा दिला, "बाईनी जातले गाडी कसाले पाहिजे?"

डॉक्टरांनी जखमा धुऊन खडे काढले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, लाल औषध लावलं आणि बजावलं, की वर काही चोपडू नका. आमच्या घरात याचा अर्थ, डॉक्टरांचं काम संपलं, आता आपलं सुरू करा, असा घेतला जायचा. जखमेवर खपली धरली आणि सासूबाईंनी घाण्यावरचं तिळाचं तेल कढईत ओतलं. त्यात कडुनिंबाचा पाला काळा होईपर्यंत तळला, हळद टाकली आणि गाळून बाटली भरली.

दुसऱ्या दिवशी माझी आई आली. वडील हरसूलला मास्तर होते. तिथल्या बायांकडून आईने करंजाच्या तेलाची महती ऐकली आणि तेव्हापासून ती दुसऱ्या कशावर विश्वास ठेवीनाशी झाली. बाटली तिने कागदात, मग पिशवीत, मग जुन्या साडीत गुंडाळून आणली होती. तरी आई फाटकातून आत यायच्या आधीच तेल आल्याचं आम्हाला वासावरून कळलं.

"विहीणबाई, तुमचं तेल चांगलंच आहे," आई म्हणाली, "पण ते लोणच्यात."

"आनि तुमनं दिवामा," सासूबाई म्हणाल्या.

हे बराच वेळ चाललं. शेवटी अंगणातून सासऱ्यांचा आवाज आला, "गुडघे दोन आहेत ना?" उजवा गुडघा सासूबाईंकडे गेला आणि डावा आईकडे.

आई मुक्काम ठोकून राहिली. रोज सकाळी दोघी दोन पाट घेऊन माझ्यासमोर बसायच्या. प्रत्येकजणी आधी दुसरीचा गुडघा बघायची आणि मग आपल्या वाटच्या गुडघ्याला कापूस लावायची. सुनेचे गुडघे उघडे म्हणून सासऱ्यांना घरात पाऊल टाकायची सोय नव्हती. बिचारे ओट्यावर बसून पेपरातल्या टेंडर नोटिसाही वाचून काढायचे. नवऱ्याने वासाला कंटाळून आपली खाट गॅलरीत नेली. कॉलनीतल्या बायका यायच्या आणि "कुठला पुढे आहे?" विचारायच्या. मी कशी आहे हे कुणी विचारल्याचं आठवत नाही.

एका सकाळी उजव्या गुडघ्याची खपली कडेने सुटली. सासूबाईंनी मला शिरा करून घातला. आई म्हणाली, डावीकडे खडा खोल रुतला होता, त्याला वेळ लागणारच. संध्याकाळी डावीही सुटायला लागली आणि मग आईने शिरा केला. शेवटी एका आंघोळीत दोन्ही खपल्या निघाल्या. दोघींनी मला दारातल्या उन्हात उभं करून वाकून निरखलं. दोन्हीकडे तीच गुलाबी कातडी होती.

"सारखंच शे," सासूबाई म्हणाल्या. कुणी गेल्याची बातमी सांगावी तसा आवाज होता.

डॉक्टरांना दाखवायला दोघी माझ्याबरोबर आल्या. डॉक्टर खूश झाले. "बघा, वर काही चोपडलं नाही म्हणून कसं छान भरलं." दोघी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या.

त्या दिवशी नवऱ्याने सांगितलं, की रविवारी गाडी न्यायला माणूस येतोय. मला रडू आलं. माझ्याकडचं सगळं बोलून संपलं होतं आणि शाळा उघडायला आली होती. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गाडी इकानी नही."

"का?" नवरा चक्रावला.

"अजून ठरनं नही. परत पडी, तवय समजी."

"मीही तेच म्हणणार होते," आई म्हणाली. "माझी बाटली अजून अर्धी आहे."

"म्हणजे हिने पुन्हा पडावं म्हणून गाडी ठेवायची?"

दोघींनी मान डोलावली. त्यांचं कशावर एकमत झालेलं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. नवऱ्याने मुकाट्याने ऑफिसातल्या माणसाला नको म्हणून सांगितलं. आई उरलेली अर्धी बाटली फळीवर ठेवून तिच्या घरी गेली.

मी पुन्हा पडले नाही. सासूबाई रोज संध्याकाळी फाटकात उभ्या असायच्या आणि माझ्या तोंडाआधी गुडघ्यांकडे बघायच्या. पुढे काही वर्षांनी त्यांना डोळे तपासायला जायचं होतं आणि नवरा फिरतीवर होता. मोपेडला नाकं मुरडणाऱ्या सासूबाई माझ्यामागे एका अंगाला बसल्या आणि कंबर घट्ट धरली. वाटेत काहीतरी टणक माझ्या बरगडीला टोचत होतं. उतरल्यावर त्यांनी पदराआडून बाटली काढली.

"मी पडेन असं वाटलं का?"

"तू नही पडत. मी पडसू."

बुचाशी तेल पाझरलं होतं, त्याचा वास आला. ते करंजाचं होतं. ती फळीवरची आईचीच बाटली होती आणि अर्ध्यावरून आता तळाला गेली होती. सासूबाईंनी बूच घाईघाईने दाबलं.

"इहीनबाईले सांगू नको," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं नाही. आईला फक्त कार्ड टाकलं, की बाटली संपत आली आहे, नवी पाठव.