दिवस बुडायच्या आत

साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर उतरलो तेव्हा माझं खोटं तयार होतं. "आक्का घरी नव्हती." आक्काला आणायचं असं बहिणीनं फोनवर सांगितलं होतं; परत आल्यावर तिला एवढंच सांगायचं, की विषय संपला. पुण्यापासून साताऱ्यापर्यंत मी ते मनात चार-पाच वेळा म्हणून पाहिलं होतं.

स्टँडसमोर कंदी पेढे घेतले. मी सायकलवर भांडी विकत दुकानापर्यंत पोचलेला माणूस. कुणी भाव सांगितला की माझी जीभ आपोआप निम्म्यावर येते. पेढेवाल्यानं माझी घासाघीस शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "पावनं, पेढा हाय ह्यो. म्हस न्हाई दात बघून घ्यायला." बाकीची गिऱ्हाइकं हसली. मी त्यानं सांगितलेल्या भावानं पेढे घेतले आणि रहिमतपूरची गाडी पकडली.

रहिमतपूरला माझी बहीण नंदा दिलेली आहे. तिची मुलगी महिन्याची झाली होती. आई-बाबा आता नाहीत, माहेर म्हणजे मी एकटा, त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं. रविवारी संध्याकाळी बारसं आणि रात्री आठला जेवणं, असं तिच्या सासऱ्यांनी ठरवलं होतं. नंदानं माझ्यासमोर दोन इरकली लुगडी ठेवली, एक हिरवं, एक जांभळं.

"दादा, आष्ट्याला जायचं. हलीमाचाचीला आणि आक्काला, दोघींना आणायचं. त्यांच्या मांडीवरून माझी पोरगी पाळण्यात जाऊ दे."

"चाचीला आणतो. आक्काचं नाव काढू नकोस."

"अजून?"

"तू चार वर्षांची होतीस. तुला काय आठवतंय?"

"मांडी आठवते," ती म्हणाली. "दोघींची."

हे काय प्रकरण आहे ते सांगतो. मी दहा वर्षांचा असताना कृष्णेला महापूर आला. आमचं घर सांगलीच्या पलीकडच्या काठाला, अगदी पाण्याजवळ. होडी आली तेव्हा आधी मुलं घेतली. आई-बाबा मागच्या होडीनं येणार होते; ती होडी ओढीनं दुसऱ्या काठाला लागली आणि त्यांना मिरजेकडं नेलं. आम्ही वीसेक पोरं ट्रकमधून आष्ट्याला पोचलो. शाळेतल्या गुरुजींनी आमच्या शर्टाला नावाच्या चिठ्ठ्या टाचल्या आणि गावातल्या बायाबापड्या येऊन दोन-दोन पोरं घरी घेऊन गेल्या. मला आणि नंदाला घेतलं चौगुल्यांच्या आक्कानं. दिवेलागण झाली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. घर मोठं, धान्याच्या कणग्या भरलेल्या. पण आक्काच्या सासूनं आमच्याकडं बघून मान हलवली आणि आक्कानं माझं मनगट धरून आम्हाला दारातून बाहेर काढलं, समोरच्या पिंजाऱ्यांच्या दारात उभं केलं. पिंजारी म्हणजे कापूस पिंजून गाद्या भरणारे. त्या घरातल्या हलीमाचाचीनं आम्हाला गरम भाकरी आणि आमटी वाढली. आई-बाबा सापडेपर्यंत नऊ दिवस आम्ही तिथंच राहिलो. ते मनगट मी विसरलो नाही. भरल्या कणग्यांच्या घरानं दोन उपाशी पोरं बाहेर काढली, हे मी वीस वर्षं जो भेटेल त्याला सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रहिमतपूरहून पॅसेंजर धरली. लुगड्यांच्या पिशवीला नंदानं स्वतःच्या हातानं चिठ्ठी बांधली होती : आक्का चौगुले आणि हलीमाचाची, पिंजार गल्ली, आष्टा. खिडकीबाहेर थंडीतला ऊस, अर्धा तुटलेला, अर्धा उभा. हळदीची पानं पिवळी पडलेली. माधवनगरला एक बाई भडंग घेऊन चढली. तिच्याकडून दोन पुडे घेतले आणि वर मूठभर भडंग वसूल केलं. त्यामुळं सांगलीला उतरताना मन प्रसन्न होतं.

ते फार वेळ टिकलं नाही. आष्ट्याला वडापनं (माणसं भरली की सुटणारी जीप) निघालो. पिशवी मी शेजारच्या जागेवर ठेवली होती. पूल ओलांडून पलीकडं गेल्यावर चालक म्हणाला, "पिशवीचं बी तिकीट द्या. एका माणसाची जागा धरलीया तिनं."

"पिशवी काय खिडकीतून बाहेर बघतेय का?"

"मग टपावर टाका."

टाकली. तरी तो टपाचेही पैसे मागायला लागला. माझं डोकं सटकलं. "थांबव गाडी!" मी ओरडलो. त्यानंही तेवढ्याच रागानं ब्रेक दाबला. मी उतरलो, दार आपटलं, जीप गेली. धूळ खाली बसल्यावर लक्षात आलं, पिशवी टपावरच आहे.

रस्त्याच्या कडेला दीड तास उभा होतो. उसाचे ट्रॅक्टर जात होते. एका ट्रॅक्टरवाल्यानं न विचारता उसाचं कांडं फेकलं. शेवटी एस.टी. मिळाली. आष्ट्यात उतरलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती.

पिंजार गल्ली रुंद झाली आहे. चाची मात्र तशीच, ओट्यावर बसून गादीला टाके घालत होती. मी वाकलो तर डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "दिन्या, केवढा रं झालास! पोट बघ, गादीवानी." मग तिनं विचारलं, "वडापवाल्याबरं भांडलास व्हय?"

"तुला कसं कळलं?"

"चिठ्ठीवर पयलं नाव आक्काचं. दुपारी तिच्या दारात पिशवी ठेवून गेला. शिव्या घालत हुता तुला, पर ठेवून गेला. जा, तिकडं."

"मी त्या घरात जाणार नाही. पिशवी कुणाकडून तरी मागवून घे."

चाचीनं सुई गादीत खोचली. "अजून त्यो राग हाय व्हय?"

"चाची, तिनं आम्हाला उपाशी बाहेर काढलं होतं. तू जेवू घातलंस."

"मी?" चाची हसली. "आवं दिनूशेट, त्या पुरात आमच्या घरात पीठ कुठं हुतं? धंदा बंद, दुकानं बंद. पीठ आक्काचं, डाळ आक्काची. तुझ्या बहिणीला सकाळी दूध देत हुते न्हवं, ती म्हस बी आक्काचीच."

मी ओट्यावर टेकलो.

"जैनाचं घर त्ये. चातुर्मासाचा नेम. दिवस बुडल्यावर चूल पेटवायची न्हाई, जेवायचं न्हाई, सासू लय कडक. पर दोन पोरं उपाशी निजवायची कशी? म्हणून तुझा हात धरून माझ्याकडं आणलं, आन मागच्या दारानं पीठ दिलं. नऊ दिस रोज."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू तिच्या दारावर धोंडा मारलास न्हवं दुसऱ्या दिशी? कंजूस म्हणून वरडलास, गल्ली ऐकत हुती. मी सांगणार हुते. तीच म्हणाली, नगो. त्या घरचं हाय म्हटल्यावर पोरगा ताटावरनं उठंल. रागात का हुईना, जेवू दे."

मी उन्हाकडं बघत राहिलो. चाचीनंही बघितलं, आणि तिचा आवाज बदलला.

"ऊठ. चिठ्ठीवर आमची दोघींची नावं एकत्र बघून तिला कळलंय, नंदाकडनं कुणीतरी यायचं. दुपारधरनं भाकरी करून बसलीया. तू आल्याबिगर घास घ्यायची न्हाई. आता बारा म्हयनं तिचा त्योच नेम, दिवस बुडला तर मग उद्यापत्तूर काहीच न्हाई, पाणी सुदीक. सत्तरीची बाई हाय, दिन्या."

गल्ली ओलांडायला दहा पावलं. ती मी धावत गेलो.

आक्का अंगणात उभी होती. लहानखुरी, पांढऱ्या केसांची. नजर माझ्याकडं नव्हती, पश्चिमेच्या चिंचेकडं होती; ऊन चिंचेच्या शेंड्यावर आलं होतं.

"आलास? पाय नंतर धू," ती म्हणाली. "बस आधी. हाय अजून येळ."

दोन ताटं वाढलेली होती. भाकरी, मुगाची आमटी, दही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"जेव. बोलायला दिवा लावल्यावर बी चालतंय."

आम्ही समोरासमोर बसून भराभर जेवलो. मधेच ती मान वळवून चिंच बघायची आणि माझ्या ताटात भाकरी टाकायची. शेवटचा घास, मग पाण्याचा तांब्या, आणि ऊन शेंड्यावरून उतरलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आक्का, तो धोंडा—"

"दाराला खोक पडली हुती. सासूबाई गेल्यावर दार बदललं." मग हसून म्हणाली, "नेम चांगला हुता तुझा बी."

पिशवी तिनं उघडलीसुद्धा नव्हती. मी चाचीला हाक मारली. दोघींनी लुगड्यांसाठी थोडं भांडण केलं. दोघींनाही जांभळंच हवं होतं. त्यात मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या पॅसेंजरमध्ये समोर आक्का आणि चाची होत्या, सोबत भडंग होतं आणि ते तयार केलेलं खोटं कुठं टाकावं ते कळत नव्हतं. वीस वर्षं मी लोकांना अर्धीच गोष्ट ऐकवली. ज्या उपाशी पोटाची गोष्ट मी सांगत हिंडलो, ते पोट त्या नऊ दिवसांत त्याच बाईच्या पिठावर भरलं होतं. मुलाला आपल्या हातचं जेवण गोड लागणार नाही, म्हणून तिनं ते दुसऱ्याच्या नावावर राहू दिलं, आणि शिव्या मात्र स्वतःच्या दारावर घेतल्या. एवढा तोट्याचा सौदा मी आयुष्यात केलेला नाही.

रहिमतपूरला उतरलो, दोघींना आत नंदाकडं पाठवलं आणि तडक तिच्या सासऱ्यांसमोर जाऊन बसलो. बारसं संध्याकाळी नको, सकाळी ठेवा; आक्काचं जेवण दिवस बुडायच्या आत झालं पाहिजे. ते म्हणाले, आचारी सांगितलाय, मांडव सांगितलाय, रात्रीची पंगत ठरलीय. मी म्हटलं, आचाऱ्याशी मी बोलतो. आवाज चढला, माझाही आणि त्यांचाही. नंदा आतून बाळाला घेऊन आली आणि चौकटीत उभी राहून ऐकत राहिली. तासाभरानं ते दुपारी चारवर आले. थंडीत दिवस लवकर बुडतो; मी बारावर अडून बसलो.

पंगत बाराला बसली.